चलन

सांतो दोमिंगोचा शिक्का मिरवत
आज पुन्हा एक खोकं परत आलं.
गाव बरोबर, गल्ली बरोबर,
आतल्या बुटांचा नंबरसुद्धा कुणी बाहेर लिहिलेला;
फक्त देशाचं नाव अर्धवट वाचून
कुठल्याशा गोदामात ते शेजारच्या मोठ्या नावात ढकललं गेलं.

मी लाल पेनाने खाली लिहिते:
डी-एम. डी-ओ नव्हे.
सव्वीस वर्षं लिहिते आहे.
रोझोच्या टपालकचेरीत माझ्याइतकं देशाचं नाव
कुणीच गिरवलं नसेल,
शाळेतल्या पोरांनीही नाही.

फोन करायचा तर आधी एक, मग सातशे सदुसष्ट.
मोठ्या वादळानंतर कितीतरी आठवडे
ते नुसतेच आकडे होते.
भाऊ ब्रॅडफर्डहून रोज रात्री फिरवायचा.
पलीकडे काय ऐकू यायचं, विचारलं मी नंतर.
म्हणाला, काही नाही गं एफ्राझीन,
भांडं उपडं घातल्यावर आत जसं असतं ना, तसं.

त्याच दिवसांत
डोंगरावर एक पान उरलं नव्हतं,
तेव्हा आमच्या मागच्या आवारात
सिसेरूची जोडी उतरली.
झेंड्याच्या मधोमध असतो तोच,
जांभळ्या छातीचा.
(जांभळा रंग कुठल्या झेंड्यात सहसा सापडत नाही,
पाहुण्यांना आम्ही हे मुद्दाम सांगतो.)
तर खुद्द राष्ट्रचिन्ह, भिजलेलं,
पंखांचं पोतेरं झालेलं,
माझं न्याहारीचं केळं सोलून खात होतं.
उठून उभं राहावं की हुसकावं
मला समजेना.
शेवटी दुसरं केळं ठेवलं आणि आत गेले.

मिस्टर स्वीनी महिन्यातून एकदा येतो.
जेथ्रो स्वीनी, माँसेरातचा.
त्याचं गाव ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं
त्याला आता पोरांची पोरं झाली.
बहिणीला पत्र टाकतो, तिकिटाचे पैसे मोजून देतो,
आणि दर वेळी एक तरी जुनी कागदी नोट
वेगळी काढून, सुरकुती मोडून
काउंटरवर ठेवतो.

आमचं पाकीट आठ बेटांत मिळून एक.
राणी सगळ्या नोटांवर तीच,
पण जुन्या नोटांच्या नंबराशेवटी एक अक्षर असायचं:
आमचं डी, ग्रेनाडाचं जी,
त्याच्या बेटाचं एम.
नव्या प्लॅस्टिकच्या नोटांवर ते नाही. कोण बघतं?
स्वीनी बघतो.

आज त्याची पाचाची नोट एमची होती.
मऊ, घामट, कोपरा दुमडलेला.
मी म्हटलं, ही ठेवा हो, आता मिळत नाहीत.
मी ड्रॉवरमधून दुसरी देते, डीची.
पाच ते पाचच.

तो माझ्याकडे असा बघत राहिला
जसं काही मी पत्ता चुकवला होता.

ठेवून काय करू, म्हणाला.
घर ठेवलं होतं की जपून.
बेकरी होती, घाटाकडे उतरणारा रस्ता होता,
चर्चचं घड्याळ तर दर शनिवारी पुसायचो.
ही एवढीच आहे जी अजून
मासळीवालीकडे जाते, बसवाल्याकडे जाते,
रात्री कुणाच्या तरी खिशात झोपते.
हिला बाजारात चालू दे.

छत्री उचलून तो गेला.
चलन म्हणजे चालतं ते,
एवढी साधी गोष्ट
गल्ल्यावर बसून सव्वीस वर्षांत
मला सुचली नव्हती.

तरी खरं सांगते, मोह झाला.
नोट तासभर पॅडखाली दाबून ठेवली.
मग एक मुलगी आली, शाळेच्या गणवेशातली,
दहाची नोट, एक पाकीट, एक तिकीट.
सुट्टे देताना
मी ती वरती ठेवली, अक्षर तिच्याकडे करून.

तिने न बघता खिशात कोंबली
आणि पळाली, बस सुटत होती.

खोकं अजून टेबलावर आहे.
साडेआठ नंबरचे बूट.
उद्या डेलिससाठी गाडी निघेल तेव्हा
स्वतः चढवेन म्हणते.